झाशीची राणी पुन्हा घोड्यावर बसली



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी स्मरणिका निघते आणि तीत एका थोर स्त्रीचे चरित्र असावे, अशी आपली रीत आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. मला पांडित्य सांगता यायचे नाही. पण झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंविषयी वाचताना एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली. तेवढीच तुमच्यापुढे मांडते.

राणीचे चित्र आपण सर्वजणींनी पाहिले आहे. उधळलेला घोडा, हातात तलवार आणि पाठीशी बांधलेले लहानगे मूल. ते पाहून वाटते, ही बाई जन्मली ती घोड्यावरच आणि पुढे कधी खाली उतरलीच नाही. खरी हकीकत तशी नाही. मध्ये कितीतरी वर्षे बाईंचा घोडा सुटला होता. लग्न झाले, मूल झाले, ते गेले, वैधव्य आले, आणि त्यानंतर बाईंनी पुन्हा रिकिबीत पाय घातला. मला त्या पहिल्या बसण्यापेक्षा या दुसऱ्या बसण्याचे मोल अधिक वाटते.

लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मणिकर्णिका. जन्म काशीचा. १९ नोव्हेंबर १८२८ ही त्यांची जन्मतारीख आज सामान्यतः मानली जाते. वडील मोरोपंत तांबे, आई भागीरथीबाई. मनू तीन-चार वर्षांची असतानाच आई वारली. पुढे मोरोपंत ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या आश्रयास गेले. घरात आई नाही, त्यामुळे पोर वडिलांच्या मागेमागे वाड्यात वावरली. नानासाहेबांच्या बरोबरीने लिहिणे-वाचणे, तलवार फिरवणे, घोड्यावर बसणे हे सारे ती शिकली. तिला चूल-बोळकी मांडून बसवणारे जवळ कोणी नव्हते, म्हणून घोडा हाती आला, असे मला वाटते.

१८४२ साली झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी तिचे लग्न झाले आणि मनूची लक्ष्मीबाई झाली. इथे घोडा सुटला. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे या काळात उत्तरेत गेले होते आणि झाशीच्या वेढ्यात स्वतः सापडले होते. त्यांचे माझा प्रवास हे पुस्तक १९०७ साली छापले गेले. गंगाधररावांनी बाईंना कडक पडद्यात ठेवले होते, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. वाड्याबाहेर जाणे नाही, दाराशी हत्यारबंद स्त्रियांचा पहारा. बिठूरच्या मोकळ्या मैदानात दौडलेल्या मुलीची अशी अकरा वर्षे गेली.

त्यातच १८५१ साली बाईंना मुलगा झाला. गादीला वारस आला म्हणून सारी झाशी आनंदली. पण तीन-चार महिन्यांतच ते बाळ गेले. इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत संपते. आपल्याला मात्र ती ओळ ओलांडून पुढे जाववत नाही. पाळणा रिकामा झाला तरी बाळंतिणीची पाठ, पोट, दूध हे सगळे असतेच. ते कोणत्या तहनाम्यात लिहिलेले नसते.

नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव अत्यवस्थ झाले. नात्यातला पाचएक वर्षांचा आनंदराव दत्तक घेतला, त्याचे नाव दामोदर ठेवले आणि दुसऱ्याच दिवशी, २१ नोव्हेंबरला, महाराज निवर्तले. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर केला. १८५४ साली झाशी खालसा झाली, बाईंना किल्ला सोडून शहरातल्या वाड्यात यावे लागले आणि साठ हजार रुपये सालाची नेमणूक ठरली. पोटचे मूल गेले, पती गेले, राज्य गेले. आपल्यासारखी एखादी अशा वेळी अंथरूणच धरील.

बाईंनी पहाटे उठून व्यायाम सुरू केला. त्या काळच्या विधवेने हे करणे केवढे धाडसाचे होते, याचा विचार करा. गोडसे भटजींनी बाईंचा दिनक्रम दिला आहे. आधी मलखांब, मग घोड्यावर रपेट, घोड्याला रिंगणात फिरवणे, चर आणि भिंतींवरून उड्या मारून घेणे. मग स्नान, तुळशीची पूजा, पार्थिव लिंगाची पूजा. देवधर्म सुटला नाही आणि घोडाही सुटला नाही.

यात मलखांब आधी आला, हे मला फार शहाणपणाचे वाटते. बाळंतपणानंतर बाईचे शरीर कसे होते, हे तुम्हांला मी सांगायला नको. पोट आणि कंबर सैल पडते, पाठ भरून येते, ओटीपोटाखालचे स्नायू ढिले होतात. घोड्यावर बसणाऱ्याला आधार लागतो तो नेमका यांचाच. लगाम हातात असला तरी माणूस घोड्यावर टिकतो तो मांडीच्या पकडीने आणि कंबरेच्या तोलाने. म्हणून तर आपण पक्की मांड असे म्हणतो. आजचे डॉक्टरही सांगतात की बाळंतिणीने निदान सहा आठवडे थांबावे, पोटावर शस्त्रक्रिया झाली असेल तर त्याहून अधिक. मग आधी चालणे, पोटापाठीचे हलके व्यायाम, त्यानंतर सावकाश चालणारा घोडा आणि दौड सर्वांत शेवटी. मलखांबावर माणूस मांड्यांनीच खांब धरतो. हा खेळ दुसऱ्या बाजीरावांच्या पदरच्या बाळंभट देवधरांनी नावारूपाला आणलेला, म्हणजे तोही बाईंच्या माहेरचाच. माहेरचे एक धन वापरून त्यांनी दुसरे परत मिळवले.

रोजच्या रियाजाने बाईंचे घोड्याचे ज्ञान असे झाले की उत्तर हिंदुस्थानात उत्तम अश्वपरीक्षक म्हणून तीनच नावे घेत : नानासाहेब पेशवे, ग्वाल्हेरचे बाबासाहेब आपटे आणि झाशीच्या बाईसाहेब. एकदा एक सौदागर दोन घोडे घेऊन आला. दिसायला दोन्ही सारखेच उमदे. बाईंनी दोघांवर बसून पाहिले आणि एकाची किंमत हजार रुपये सांगितली, दुसऱ्याची अवघी पन्नास. दुसऱ्याची छाती आतून दुखावलेली होती. सौदागराला ते कबूल करावे लागले.

१८५७ च्या जूनमध्ये झाशीत बंड झाले आणि राज्याचा कारभार बाईंकडे आला. २१ मार्च १८५८ रोजी सर ह्यू रोज फौजेसह झाशीपुढे येऊन ठाकला. तात्या टोपे मदतीला आले, पण १ एप्रिलला बेतवेकाठी त्यांचा पराभव झाला. ३ एप्रिलला इंग्रज शहरात घुसले. ४ एप्रिलच्या रात्री बाई दामोदरला पाठीशी बांधून, निवडक स्वारांनिशी वेढ्यातून बाहेर पडल्या.

आता त्या चित्राकडे पुन्हा पाहा. चित्रकार पाठीवर तान्हे बाळ काढतात. पण दामोदर तेव्हा नऊएक वर्षांचा होता. नऊ वर्षांचे मूल झोपेत उचलून अंथरुणावर ठेवताना आपली कंबर कशी लचकते, हे आपल्याला ठाऊक आहे. तेवढे ओझे पाठीला, पाठलागावर इंग्रज घोडेस्वार, अशा स्थितीत भांडेरजवळ त्यांनी पाठलाग करणाऱ्या अधिकाऱ्याला तलवारीने घायाळ केले आणि शंभर मैलांवरचे काल्पी गाठले. हे बळ त्या एका रात्री आले नाही. चार वर्षांच्या पहाटांनी ते साठवलेले होते.

काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी गोडसे भटजींना बाई पुन्हा दिसल्या. अंगावर धूळ, चेहरा उतरलेला, घसा कोरडा. भटजी पाणी काढायला पुढे झाले तर विद्वान ब्राह्मणाला कष्ट नकोत म्हणून बाईंनी त्यांना थांबवले, स्वतः पाणी शेंदले आणि ओंजळीने प्यायल्या. मला रणांगणावरच्या राणीपेक्षा ही राणी अधिक जवळची वाटते.

पुढे काल्पी पडले, ग्वाल्हेर हाती आले, आणि १७ जून १८५८ रोजी ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सराय येथे शेवटची लढाई झाली. त्या दिवशी बाईंच्या खाली नेहमीचा घोडा नव्हता. नवा घोडा नाल्यापाशी अडला, असे सांगतात. तिथेच त्या जखमी झाल्या आणि देह ठेवला. दामोदरला रामचंद्रराव देशमुखांसारख्या विश्वासू माणसांनी सांभाळले. तो पुढे इंदूरला राहिला आणि १९०६ साली वारला. राज्य त्याला मिळाले नाही, पण आईने पाठीवर बांधून वाचवलेला जीव जगला, संसारी झाला.

भगिनींनो, आपल्यापैकी कोणाला रणात जायचे नाही. पण मुले झाल्यावर आपण प्रत्येकीने काही ना काही गुंडाळून माळ्यावर टाकले आहे. कोणाचा गाता गळा होता, कोणी शाळेत धावण्यात पहिली येई, मी माहेरच्या विहिरीत सूर मारीत असे. लेकुरवाळीला हे शोभत नाही, असे एकदा कोणी म्हणते आणि आपणही मान डोलावतो. बाईंना तर आड यायला सारे जग उभे होते. तरी त्यांनी आधी अंगात बळ आणले आणि मग रिकिबीत पाय घातला.

आपल्या मंडळात नुकत्याच बाळंत झालेल्या लेकी-सुना आहेत. त्यांना विश्रांती द्या, डिंकाचे लाडू द्या, तेल-मालीश करा. आणि दिवस भरले, शक्ती आली, की त्यांचे मूल तासभर आपल्या मांडीवर घ्या. त्यांना जे पुन्हा करावेसे वाटते, त्यासाठी बाहेर जाऊ द्या. राणीची पुण्यतिथी जूनमध्ये येते. हार-फुलांबरोबर एवढे केले, तर त्या माउलीला पोचेल.