रिकाम्या चौकटींचे मोल

माध्यमिक शाळांतून आवर्तसारणी बहुधा पाठ करून घेतली जाते आणि परीक्षा संपताच विसरली जाते. जिला विद्यार्थी पाठांतराचा विषय समजतात, ती सारणी मांडणाऱ्या दिमित्री मेंडेलीव्हचे चरित्र मात्र पाठांतराच्या अगदी उलट धडा देते.

सायबेरियातील टोबोल्स्क येथे १८३४ साली त्याचा जन्म झाला. वडील अंध झाल्यावर आईने काचेचा कारखाना चालवून मोठा संसार सावरला. वडील निवर्तले, कारखाना आगीत भस्मसात झाला; तरी त्या माउलीने मुलाला शिक्षणासाठी प्रथम मॉस्कोस आणि नंतर सेंट पीटर्सबर्गला नेले. १८५० मध्ये तेथे त्याला प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी तिने देह ठेवला.

त्याच नगरीत प्राध्यापक झाल्यावर पाठ्यपुस्तक लिहिताना, तेव्हा ज्ञात असलेली ६३ मूलद्रव्ये कोणत्या सूत्रात ओवावीत, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला. अणुभाराच्या चढत्या क्रमाने ती मांडली असता ठरावीक अंतराने सारखे गुणधर्म पुन्हा प्रकटतात, हे त्याने १८६९ मध्ये दाखविले. जेथे योग्य मूलद्रव्य सापडेना, तेथे त्याने ओढूनताणून भरती केली नाही. चौकट रिकामी ठेवली. इतकेच नव्हे, तर १८७१ मध्ये अशा तीन अज्ञात मूलद्रव्यांचे गुणधर्म वर्तवून त्यांच्या नावांमागे संस्कृतातील ‘एक’ हा शब्द जोडला. गॅलियम १८७५ मध्ये, स्कँडियम १८७९ मध्ये आणि जर्मेनियम १८८६ मध्ये सापडले. गॅलियमची घनता शोधकाने ४.७ दिली होती, ती ५.९ च्या सुमारास असली पाहिजे, असे मेंडेलीव्हने धातू न पाहताच कळविले. फेरतपासणीत तेच खरे ठरले.

या क्रमाचे मूळ कारण मात्र त्याला उमगले नव्हते. १९०७ मध्ये तो वारला. १९१३ मध्ये मोझलेने अणुक्रमांकाचे महत्त्व सिद्ध केले आणि पुढे इलेक्ट्रॉनांच्या रचनेवरून गुणधर्मांच्या पुनरावृत्तीचा उलगडा झाला.

आज ११८ मूलद्रव्ये ज्ञात आहेत. त्यांची नावे घोकण्यात विद्या नाही. सारणीतील एक चौकट झाकावी आणि शेजाऱ्यांवरून तिच्यातील द्रव्याचे गुणधर्म विद्यार्थ्याला ओळखावयास सांगावे. पदार्थाची रचना आणि त्याचा स्वभाव यांचे नाते त्याला कळले की नाही, याची खरी परीक्षा तीच होय.