एव्हारिस्त गाल्वा

एव्हारिस्त गाल्वा (२५ ऑक्टोबर १८११ – ३१ मे १८३२) हे फ्रेंच गणितज्ञ होते. बहुपदी समीकरण मूलचिन्हांच्या साहाय्याने केव्हा सोडवता येते, या प्रश्नाचा त्यांनी पूर्ण उलगडा केला. त्यातून गट सिद्धांत आणि गाल्वा सिद्धांत या आधुनिक बीजगणिताच्या शाखा उभ्या राहिल्या. सांत क्षेत्रांची त्यांनी मांडलेली कल्पना आज संगणकातील माहिती सुरक्षित ठेवण्यासाठी वापरली जाते. घरगुती सर्व्हरवरील रेड-६ प्रकारच्या डिस्क-संचाचे गणित याच कल्पनेवर आधारलेले आहे.

जीवन

गाल्वा यांचा जन्म पॅरिसजवळील बूर-ला-रेन येथे झाला. वडील निकोला-गाब्रिएल हे गावाचे महापौर होते. बाराव्या वर्षापर्यंत आईनेच त्यांना घरी शिकवले. १८२३ मध्ये ते पॅरिसच्या लुई-ल-ग्रां विद्यालयात दाखल झाले. तेथे लजांद्र यांचे भूमितीवरील पुस्तक हाती आल्यापासून गणिताखेरीज इतर विषयांत त्यांचे मन रमेनासे झाले. एकोल पॉलितेक्निक या नामवंत संस्थेच्या प्रवेशपरीक्षेत ते १८२८ मध्ये अनुत्तीर्ण झाले. एप्रिल १८२९ मध्ये परंपरित अपूर्णांकांवरील त्यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला.

जुलै १८२९ मध्ये वडिलांनी आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत झालेल्या त्याच प्रवेशपरीक्षेत गाल्वा पुन्हा अपयशी ठरले आणि त्यांनी शिक्षक-प्रशिक्षण देणाऱ्या एकोल प्रेपारात्वारमध्ये प्रवेश घेतला. १८३० च्या जुलै क्रांतीच्या वेळी संचालकांनी विद्यार्थ्यांना आवारातच अडकवून ठेवले. त्याबद्दल गाल्वा यांनी वृत्तपत्रातून उघड टीका केली आणि त्यांना संस्थेतून काढून टाकण्यात आले. प्रजासत्ताकवादी चळवळीतील सहभागामुळे १८३१ मध्ये त्यांना दोनदा अटक झाली. पहिल्या खटल्यातून ते निर्दोष सुटले, दुसऱ्यात मात्र त्यांना सेंत-पेलाजी तुरुंगात शिक्षा भोगावी लागली. सुटकेनंतर महिन्याभरातच, ३० मे १८३२ रोजी झालेल्या द्वंद्वयुद्धात त्यांच्या पोटात गोळी लागली. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. तेव्हा ते वीस वर्षांचे होते. द्वंद्वाच्या कारणाविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

हस्तलिखितांचा प्रवास

१८२९ मध्ये गाल्वा यांनी समीकरणांवरील दोन निबंध फ्रेंच विज्ञान अकादमीकडे पाठवले. परीक्षक ऑगस्तँ-लुई कोशी यांनी ते निष्काळजीपणे हरवले, असे पुष्कळ काळ लिहिले जात असे. प्रत्यक्षात जानेवारी १८३० मध्ये कोशी ते अकादमीपुढे मांडणार होते, असे त्यांच्या एका पत्रावरून दिसते; आजारपणामुळे तो बेत राहून गेला. निबंध मात्र पुढे मिळाले नाहीत. फेब्रुवारी १८३० मध्ये अकादमीच्या पारितोषिकासाठी दिलेले हस्तलिखित सचिव जोझेफ फूरिये यांच्याकडे गेले. मे महिन्यात फूरिये वारले आणि त्यांच्या कागदपत्रांत ते सापडले नाही. तिसऱ्यांदा, जानेवारी १८३१ मध्ये पाठवलेला निबंध सिमेओं पुआसाँ यांनी दुर्बोध ठरवून परत केला. नकार मिळाला खरा, पण हस्तलिखित लेखकाच्या हाती परत आल्यामुळेच हा निबंध वाचला.

द्वंद्वाच्या आदल्या दिवशी गाल्वा यांनी ओग्युस्त शव्हालिए या मित्राला दीर्घ पत्र लिहून आपल्या निष्कर्षांचा आराखडा दिला. सारा सिद्धांत त्यांनी त्या एका रात्रीत लिहून काढला, ही लोकप्रिय कथा खरी नाही. मुख्य निबंध आधीच तयार होता. त्या रात्री त्यांनी त्यात दुरुस्त्या केल्या आणि समासात टिपा लिहिल्या. पुढे शव्हालिए आणि धाकटे भाऊ आल्फ्रेद यांनी कागदपत्रे सांभाळली, त्यांच्या नकला तयार केल्या. अखेर जोझेफ लिऊव्हील यांनी १८४६ मध्ये आपल्या नियतकालिकात हे लेखन प्रसिद्ध केले. कामीय जॉर्दां यांच्या १८७० च्या ग्रंथानंतर या सिद्धांताचे महत्त्व सर्वत्र मान्य झाले.

सांत क्षेत्रे

जून १८३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या निबंधात गाल्वा यांनी सांत क्षेत्रांची कल्पना मांडली. ज्या संख्यासंचात बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि (शून्य वगळता) भागाकार करता येतो, त्याला क्षेत्र म्हणतात. घटकांची संख्या एखाद्या अविभाज्य संख्येचा घात असेल, तर तेवढ्या घटकांचे क्षेत्र बनवता येते. अशा क्षेत्रांना गाल्वा क्षेत्रे असेही म्हणतात.

भारतीय गणितज्ञांनी या क्षेत्रांचा मोठा उपयोग करून घेतला. राजचंद्र बोस यांनी १९३८ मध्ये त्यांच्या आधारे लॅटिन चौरस रचले आणि १९६० मध्ये द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी यांच्यासह चुका दुरुस्त करणारी संकेतप्रणाली मांडली. नागपूर येथे शिकलेले आणि तेथेच काही काळ अध्यापन केलेले शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांनी १९५९ मध्ये बोस आणि अर्नेस्ट पार्कर यांच्यासह लॅटिन चौरसांविषयीचा ऑयलर यांचा जुना तर्क चुकीचा ठरवला.

डिस्क-संचातील उपयोग

अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून, एखादी बिघडली तरी माहिती शाबूत ठेवणाऱ्या रचनेला रेड हे नाव पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या १९८८ मधील निबंधामुळे मिळाले. रेड-५ मध्ये सर्व डिस्कवरील बिटांची बेरीज, म्हणजे पॅरिटी, साठवली जाते. एक डिस्क गेली तर उरलेल्यांवरून तिच्यातील माहिती काढता येते. दोन डिस्क एकदम गेल्या, तर अज्ञात संख्या दोन आणि समीकरण एकच अशी स्थिती होते.

रेड-६ मध्ये दुसरे समीकरण असते. त्यात प्रत्येक डिस्कवरील बाइटला २ च्या वेगवेगळ्या घातांनी गुणून बेरीज केली जाते. बाइटची शक्य मूल्ये २५६ आहेत. पण २५६ ने भागून बाकी ठेवण्याच्या नेहमीच्या अंकगणितात २ ने भागता येत नाही, त्यामुळे समीकरणे सुटत नाहीत. २५६ म्हणजे २ चा आठवा घात असल्याने तेवढ्याच घटकांचे गाल्वा क्षेत्र मात्र अस्तित्वात आहे आणि त्यात हा भागाकार करता येतो. लिनक्समधील एमडी ही प्रणाली वेगळ्या नियंत्रक कार्डाशिवाय, संगणकाच्या प्रक्रियकावरच ही आकडेमोड करते. त्या क्षेत्रात २ चे घात २५५ पायऱ्यांनंतर पुन्हा येतात, म्हणून या पद्धतीत माहितीच्या डिस्क २५५ पेक्षा अधिक असू शकत नाहीत. घरगुती वापरात अर्थातच ही मर्यादा कधी आड येत नाही.

४ टेराबाइटच्या सहा डिस्क घेतल्या, तर रेड-५ मध्ये २० आणि रेड-६ मध्ये १६ टेराबाइट जागा मिळते. चार टेराबाइट सोडणे अनेकांना जिवावर येते. पण रेड-५ मध्ये बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवल्यावर उरलेल्या साऱ्या डिस्क पूर्ण वाचाव्या लागतात. मोठ्या डिस्कना त्यासाठी कित्येक तास लागतात आणि एवढ्या अवधीत दुसऱ्या डिस्कवरील एखादा भाग वाचता न येण्याची भीती असते. कधीच न वाचल्या जाणाऱ्या फाइलींखालील खराब भाग अशा वेळीच उघडकीस येतात. त्यामुळे संपूर्ण संच ठरावीक काळाने, बहुधा महिन्यातून एकदा, वाचून तपासला जातो. लिहिताना वीज गेल्यास माहिती आणि पॅरिटी यांचा मेळ बिघडू शकतो, म्हणून यूपीएसही लागतो.

पॅरिटी मात्र नकलेची जागा घेत नाही. चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते, आणि आग किंवा चोरीत संपूर्ण संचच जातो. त्यामुळे सर्व्हर वर्धा जिल्ह्यातील जाम येथील घरात असेल, तर त्याची एक प्रत नागपुरातील नातेवाइकांकडे किंवा अन्य गावी ठेवावी लागते, आणि ती खरोखर उघडते की नाही हे अधूनमधून पाहावे लागते.