भाभांच्या वारशाचा उपेक्षित पैलू

डॉ. होमी भाभा यांचे नाव निघाले की सामान्यतः अणुवीज आणि अणुबाँब यांचीच चर्चा होते. अणुशक्ती रुग्णाच्या खाटेपर्यंत नेण्याचे त्यांचे कार्य मात्र फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांच्या आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पुढे १९४१ मध्ये टाटांच्या विश्वस्तनिधीतून परळ येथे कर्करोगासाठी टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. केंब्रिजला अभियांत्रिकी शिकून पदार्थविज्ञानाकडे वळलेले होमी १९३९ मध्ये सुटीवर मायदेशी आले असता महायुद्ध पेटले आणि ते येथेच राहिले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापिली. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे ते पहिले अध्यक्ष झाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथे ‘अप्सरा’ ही देशातील पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली.

या भट्टीतून विद्यार्थ्यांना संशोधनाचे साधन मिळाले, तसेच वैद्यकाला किरणोत्सारी समस्थानिकेही मिळाली. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी शरीरातील आयोडीन शोषून घेते. किरणोत्सारी आयोडीन अल्प प्रमाणात दिले असता बाहेर पडणाऱ्या गॅमा किरणांवरून ग्रंथीचे कार्य व विकार कळतो. मात्रा वाढविली की त्याच द्रव्याचे बीटा किरण रोगट पेशींचा नाश करतात. टेक्नेशियम हाडांत पोहोचवून तेथे पसरलेला कर्करोग हुडकता येतो.

परंतु ही औषधे कोठारात साठवून ठेवता येत नाहीत. आयोडीन-१३१ ची शक्ती आठ दिवसांत निम्मी होते, टेक्नेशियमची तर सहा तासांत. परदेशी मालावर विसंबणाऱ्या देशाच्या रुग्णाला वाटेतच क्षीण झालेले औषध मिळणार. भाभांचा स्वावलंबनाचा आग्रह केवळ राष्ट्राभिमानातून आलेला नव्हता, हे येथे स्पष्ट होते. १९६२ मध्ये टाटा रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे आले, तर १९६३ मध्ये परळलाच किरणोत्सर्ग वैद्यक केंद्र सुरू झाले. भट्टी, प्रयोगशाळा आणि रुग्णालय अशी साखळी जुळली. ती विस्तारण्यास भाभांना मात्र अवधी मिळाला नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ शिखरावरील विमान अपघातात त्यांचा अंत झाला.

ही साखळी पुढे ठाण्याची खाडी ओलांडून नव्या मुंबईत पोहोचली. १९८९ मध्ये स्थापन झालेले किरणोत्सर्ग व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ वाशी येथून देशभरच्या रुग्णालयांना ही औषधे पुरविते. खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन व उपचार संस्था उभी आहे.

तथापि ही सोय आजही प्रामुख्याने मोठ्या शहरांपुरतीच आहे. दूरच्या जिल्ह्यातील रुग्णाला एका तपासणीसाठी नोकरी वा शेती सोडून मुंबई गाठावी लागते. गॅमा कॅमेरा, प्रशिक्षित मनुष्यबळ आणि वेळेवर पोहोचणारे औषध जिल्हा रुग्णालयांना मिळवून देणे, हे शासनाचे कर्तव्य आहे. भाभांच्या नावाच्या संस्था पुष्कळ झाल्या. त्यांचे हे अपुरे राहिलेले कार्य पुढे नेणे हेच त्यांचे उचित स्मारक ठरेल.