पाचगणीत शिकलेल्या पोराने दुसऱ्याच अल्बममध्ये 'क्वीन'चा बाज बदलून टाकला

'बोहेमियन ऱ्हाप्सडी' हे गाणं तुम्ही एकदा तरी ऐकलं असेलच. संथ सुरुवात, मध्येच ऑपेरा आणि मग दणदणीत रॉक. १९७५ साली आलेल्या या गाण्याची तयारी 'क्वीन' बँडच्या दुसऱ्या अल्बममध्येच झाली होती. आणि ती करणारा गडी आपल्या पाचगणीत शिकलेला होता.

त्याचं खरं नाव फारोख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, झांझिबारमधल्या पारशी घरातला. आठ वर्षांचा असताना घरच्यांनी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत होस्टेलला ठेवलं. तिथे तो पियानो वाजवायचा. शाळेतल्या मित्रांसोबत त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा बँडही काढला. सगळे त्याला फ्रेडी म्हणू लागले.

१९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि बुलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं. तिथे फ्रेडीने ग्राफिक डिझाईनचं शिक्षण घेतलं. १९७० साली ब्रायन मे आणि रॉजर टेलरसोबत त्याने 'क्वीन' सुरू केला. आडनाव घेतलं मर्क्युरी. पुढच्या वर्षी जॉन डीकन आला.

पहिला अल्बम आला १९७३ साली. स्टुडिओ रिकामा असेल तेव्हा जमेल तसा रेकॉर्ड केलेला हार्ड रॉक. त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. दुसराही पडला असता, तर पुढचं अवघड होतं.

अशा वेळी लोक सोपी गाणी करतात. यांनी उलटं केलं.

८ मार्च १९७४ रोजी आलेल्या 'क्वीन २' ची एक बाजू होती 'व्हाईट', तीत बहुतेक गाणी ब्रायनची. दुसरी 'ब्लॅक', तिथली सहाही गाणी फ्रेडीची. राक्षस, पऱ्या, काळी राणी अशी अद्भुत दुनिया. एकावर एक चढवलेले आवाज, एकाच गाण्यात अनेक वळणं. एक गाणं तर त्याने रिचर्ड डॅडच्या चित्रावरून केलं.

काही समीक्षकांनी नाकं मुरडली. पण 'सेव्हन सीज ऑफ राय' हे गाणं ब्रिटनमध्ये १० व्या नंबरवर पोहोचलं, अल्बम ५ व्या. क्वीनचं हे पहिलं हिट गाणं.

पुढच्याच वर्षी 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' च्या व्हिडिओत 'क्वीन २' च्या कव्हरवरचेच अंधारातले चार चेहरे पुन्हा दिसले.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्समुळे फ्रेडी गेला. वय अवघं ४५. पण फ्रेडीचा क्वीन नेमका कुठे सुरू झाला हे ऐकायचं असेल, तर 'क्वीन २' ची ती काळी बाजू लावा.