चेंबरमधले वालचंद शेठ

५ एप्रिल हा दिवस देशभर राष्ट्रीय सागरी दिवस म्हणून पाळला जातो. १९१९ साली याच तारखेला 'लॉयल्टी' ही भारतीय मालकीची बोट मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या आपल्या ग्वाल्हेरचा या घटनेशी जवळचा संबंध आहे. ही बोट ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांची होती. पहिल्या महायुद्धात तिचा उपयोग रुग्णालय-बोट म्हणून झाला होता. युद्ध संपल्यावर ती मुंबईच्या व्यापाऱ्यांनी विकत घेतली आणि आपल्या कंपनीला नाव दिले 'सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन'. या व्यवहारात पुढाकार घेणारे गृहस्थ म्हणजे शेठ वालचंद हिराचंद. त्या पहिल्या सफरीत ते स्वतः बोटीवर होते.

वालचंद शेठ म्हटले की आपल्याला बोटी, विमाने, मोटारी आणि वालचंदनगरची साखर आठवते. पण त्यांच्या आयुष्याचा एक मोठा भाग चेंबर ऑफ कॉमर्सच्या बैठकांत गेला. त्याविषयी फारसे लिहिले जात नाही, म्हणून हा लेख.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. घराणे मूळचे काठियावाडातले, दिगंबर जैन, पण सोलापुरात स्थिरावलेले. घरी सावकारी आणि कापसाचा व्यापार होता. तरुण वालचंदांचे मन पेढीवर रमेना. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला आणि तेथून 'फाटक-वालचंद' ही जोडी पुढे आली. पुढे बोरघाटातील बोगद्यांसारखी अवघड कामेही त्यांनी पार पाडली. ठेकेदारीत माणसाला सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. एकट्या माणसाचा अर्ज कसा पडून राहतो, हे त्यांनी तिथे पुरेपूर अनुभवले असणार.

खरा धडा मिळाला तो जहाजधंद्यात. भारताच्या किनाऱ्यावरील वाहतूक तेव्हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या बलाढ्य कंपनीच्या हातात होती. नवी भारतीय कंपनी उतरली की ही कंपनी भाडे पाडत असे. शिवाय ठरावीक मुदतीत सगळा माल आमच्याच बोटीने पाठवा, मग भाड्याचा काही भाग परत मिळेल, अशी तिची सूट योजना होती. त्यामुळे व्यापारी बांधला जाई. या दरयुद्धात सिंदियाची दमछाक झाली आणि १९२३ साली तिला दहा वर्षांचा करार करावा लागला. एकूण ७५,००० टनांपेक्षा जास्त जहाजे बाळगायची नाहीत आणि परदेशी वाहतुकीत उतरायचे नाही, अशा त्याच्या अटी होत्या. ज्या कंपनीची पहिली बोट थेट इंग्लंडला गेली, तिने चारच वर्षांत परदेशी वाहतुकीवर पाणी सोडले. 'लॉयल्टी' तर तोवर भंगारात निघाली होती.

हा प्रश्न एका कंपनीच्या बळावर सुटणारा नव्हता. किनारी वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवणारा कायदा हवा होता, आणि त्यासाठी साऱ्या व्यापारी वर्गाचा आवाज हवा होता. येथे चेंबरचे महत्त्व कळते.

मुंबईत गोऱ्या व्यापाऱ्यांचे बॉम्बे चेंबर १८३६ पासून होते. भारतीय व्यापाऱ्यांचे इंडियन मर्चंट्स चेंबर १९०७ साली निघाले. बंदराचे विश्वस्त मंडळ, महापालिका, कायदेमंडळ अशा ठिकाणी चेंबरच्या प्रतिनिधींना जागा असत. म्हणून चेंबरच्या ठरावाला वजन होते. १९२७ साली वालचंद शेठ या चेंबरचे अध्यक्ष होते.

तो काळ हुंडणावळीच्या वादाचा होता. सरकारला रुपयाचा दर १८ पेन्स ठेवायचा होता, तर भारतीय व्यापाऱ्यांची मागणी १६ पेन्सची होती. आम्हा बँकवाल्यांना हा हिशेब चटकन कळतो. पौंडाचे पेन्स २४०. रुपया १६ पेन्सचा असेल, तर परदेशात १०० पौंडांना विकलेल्या कापसाचे १,५०० रुपये हाती येतात. १८ पेन्स झाला की तेच १,३३३ रुपये होतात. म्हणजे दीडशेहून अधिक रुपयांची तूट, आणि ती शेवटी शेतकऱ्याच्या पदरात. आयात होणारा विलायती माल मात्र स्वस्त. पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी चलन आयोगात आपले भिन्न मत नोंदवले, चेंबरांनी विरोध केला, तरी १९२७ साली कायदा १८ पेन्सचाच झाला.

त्याच वर्षी वालचंद शेठनी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना केली. मुंबईत एक भारतीय चेंबर असताना दुसरे कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. पण मुंबईच्या चेंबरचे लक्ष बंदर, आयात-निर्यात आणि मोठे भांडवल यांकडे. सोलापूरचा कापडवाला किंवा खानदेशातला कापूस व्यापारी यांच्या अडचणी वेगळ्या: मालगाडीचे डबे वेळेवर न मिळणे, रेल्वेचे भाडे, नगरपालिकेची जकात. स्वतः सोलापूरचे असल्याने शेठजींना ही नड ठाऊक होती.

चेंबरचे काम बाहेरून नीरस दिसते. एखाद्या व्यापाऱ्याची तक्रार येते. चिटणीस ती तपासतो, आकडे जमवतो. उपसमिती मसुदा करते, कार्यकारिणीत त्यावर वाद होतो, मग निवेदन जाते. उत्तर आले नाही तर स्मरणपत्र, नंतर शिष्टमंडळ. टाळ्या कोणी वाजवत नाही. पण या वाटेने गेलेली तक्रार एका दुकानदाराची राहत नाही, साऱ्या बाजारपेठेची होते.

किनारी वाहतुकीच्या प्रश्नात तर अडचण घरातच होती. भाडे पडले की माल पाठवणाऱ्याचा आजचा फायदाच होतो. चेंबरात असे माल पाठवणारेच जास्त. देशी कंपनी बुडाली की भाडे पुन्हा चढेल, हे त्यांना पटवणे आवश्यक होते. शिवाय वालचंद शेठ स्वतः सिंदियाचे, १९२९ पासून तर तिचे अध्यक्ष. मागणी देशाची की स्वतःच्या कंपनीची, ही शंका रास्तच होती. दोन्ही हितसंबंध एकत्र होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच ज्यांची एकही बोट नव्हती अशा व्यापाऱ्यांच्या संस्थांनी ती मागणी उचलून धरणे महत्त्वाचे होते.

१९२८ साली साराभाई हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात किनारी वाहतूक राखून ठेवण्याचे विधेयक मांडले. तेही कायद्यात उतरले नाही. हुंडणावळीपाठोपाठ ही दुसरी हार. तरी शेठजींनी समित्या सोडल्या नाहीत. १९३२-३३ साली ते देशातल्या व्यापारी संस्थांच्या महासंघाचे, म्हणजे 'फिक्की'चे अध्यक्ष झाले.

पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी. १४ मार्च १९४८ रोजी तिथे बांधलेली 'जलउषा' पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. किनारी वाहतूक देशी जहाजांना राखून ठेवण्याचे धोरणही स्वातंत्र्यानंतर आले. तोवर शेठजींची प्रकृती ढासळली होती. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी उभे केलेले काही कारखाने सरकारकडे गेले, काहींचे दिवस पालटले. महाराष्ट्र चेंबरचे काम मात्र आजही चालू आहे, आणि २०२७ हे त्याचे शताब्दी वर्ष. आपल्याकडेही कार्यकारिणीवर यायला सहसा कोणी तयार होत नाही. बैठकांत वेळ जातो, निष्पन्न काही होत नाही, अशी सबब असते. एवढे उद्योग सांभाळणाऱ्या माणसाने हरलेल्या मागण्यांसाठीही वर्षानुवर्षे बैठकांना वेळ दिला, हे पुढच्या वार्षिक सभेला येताना जरूर आठवावे.