एकही वाद्य न वाजवता संगीताचा नवा प्रकार घडवणारा रेडिओ मेकॅनिक

लॅपटॉपवर गाणं मिक्स करताना आपण 'सेंड'चं बटण फिरवतो आणि आवाज इकोकडे वळतो. काम एका सेकंदाचं. पण कॉम्प्युटर नसताना याच युक्तीवर एका माणसानं अख्खा संगीतप्रकार उभा केला.

त्याचं नाव ऑस्बॉर्न रुडॉक, जगासाठी किंग टबी. जन्म १९४१ चा, जमैकातल्या किंग्स्टनचा. रेडिओ दुरुस्त करायचा, अ‍ॅम्प्लिफायर स्वतः बनवायचा.

सत्तरच्या दशकात त्यानं वॉटरहाउस वस्तीतल्या घरात छोटा स्टुडिओ थाटला. मिक्सर सेकंडहँड, ट्रॅक फक्त चार. बँड बसवायला जागाच नव्हती. गाणी दुसरीकडे रेकॉर्ड व्हायची आणि टेप टबीकडे यायच्या.

मग खरा खेळ सुरू व्हायचा. गाणं चालू असतानाच तो गायकाचा आवाज बंद करायचा. मागे उरायचे फक्त ड्रम आणि बेस. मधेच एखादा शब्द इकोत सोडायचा, गिटार रिव्हर्बमध्ये बुडवायचा. मिक्सर हेच त्याचं वाद्य झालं. या प्रकाराला नाव मिळालं डब.

तोवर साउंड इंजिनिअरला कोण विचारायचं? पण १९७६ साली ऑगस्टस पाब्लोचा अल्बम आला, त्याच्या नावातच किंग टबी होता.

६ फेब्रुवारी १९८९ ला घराबाहेर गोळ्या झाडून त्याची हत्या झाली. वय अवघं ४८.

आज रेकॉर्डिंगच्या जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये 'सेंड' असतो. पुढच्या वेळी तो फिरवाल, तेव्हा हा मेकॅनिक आठवा.