सर विल्यम रोवन हॅमिल्टन

इ. स. १८०५ सालीं आयर्लंडांतील डब्लिन शहरीं एका वकिलाच्या घरीं जन्मलेला एक मुलगा बालवयांत ज्या भाषा शिकला म्हणून त्याच्या वडिलांनीं लिहून ठेविलें आहे, त्यांत संस्कृत व हिंदुस्थानी यांच्या जोडीस आपल्या मराठीचेंही नांव आढळतें! पित्याच्या अभिमानानें ही यादी थोडी लांबली असेल. परंतु ट्रिम गांवीं राहणाऱ्या विद्वान् पाद्री चुलत्यांनीं त्याच्यावर मेहनत घेतली होती, व पुढें मुलास ईस्ट इंडिया कंपनीची चाकरी मिळावी असा वडिलांचा हेतु होता. तो सफल होता, तर हॅमिल्टनसाहेब एखादे वेळीं आपल्याच मुलखांत कलेक्टर म्हणून आले असते.

तसें व्हावयाचें नव्हतें. गणितानें भाषांची जागा घेतली. १८२२ सालीं, वयाचीं सतरा वर्षेंही पुरीं झालीं नसतां, त्यांनीं लाप्लास ह्या थोर फ्रेंच गणितज्ञाच्या ग्रंथांतील एक चूक काढली. १८२७ मध्यें ट्रिनिटी कॉलेजांत शिकत असतांनाच, पदवी मिळण्यापूर्वीं, त्यांस तेथील ज्योतिषाचें अध्यापकपद मिळालें. त्याबरोबर राहावयास डन्सिंकची वेधशाळा आली. मात्र दुर्बिणींत त्यांचें मन फारसें रमलें नाहीं.

त्यांचें खरें कार्य १८३४ व १८३५ सालच्या दोन निबंधांत आहे. न्यूटनच्या रीतीनें गति मोजतांना या क्षणावरून पुढचा क्षण, त्यावरून त्यापुढचा, असें चालावें लागतें. हॅमिल्टन यांनीं सारा प्रवास एकदम दृष्टीपुढें घेतला. एका मुलानें चेंडू फेकला व दुसऱ्यानें तो झेलला, असें समजा. मधल्या काळांत चेंडूस कल्पनेनें हजार वाटा देतां येतील. प्रत्येक वाटेवर क्षणोक्षणीं गतीच्या शक्तींतून उंचीमुळें सांठलेली शक्ति वजा करावी आणि साऱ्या वेळेची बेरीज घ्यावी. चेंडूची खरी वाट तीच, कीं जी किंचित् वांकविली तरी ही बेरीज जवळजवळ बदलत नाहीं. ह्या विचाराचें बीज लाग्रांज यांच्या ग्रंथांत होतें. पण वृक्ष हॅमिल्टन यांनीं वाढविला.

आश्चर्य असें कीं, त्यांनीं स्वतः आपलें उरलेलें आयुष्य भलत्याच कामीं वाहिलें. १६ ऑक्टोबर १८४३ रोजीं पत्नीसह कालव्याकांठानें जातांना त्यांस चार अंगांच्या नव्या संख्या सुचल्या, आणि त्यांचें सूत्र त्यांनीं चाकूनें पुलाच्या दगडावर कोरलें! पुढचीं बावीस वर्षें ह्या संख्यांत गेलीं. १८६५ च्या सप्टेंबरांत ते निवर्तले, आणि त्यांवरील मोठा ग्रंथ त्यांच्या मुलानें १८६६ सालीं छापविला. त्या संख्या निरुपयोगी नव्हेत. वस्तूच्या फिरण्याचें गणित त्यांनीं सुलभ होतें. पण निबंधांचें भाग्य निराळेंच होतें.

विसाव्या शतकाच्या मध्यावर इंजिनिअर लोक पूल किंवा विमानाचा पंख यांचे कल्पनेनें लहान तुकडे पाडून, प्रत्येकाचें समीकरण मांडून, सर्व जोडून गणकयंत्राकडून सोडवूं लागले. तुकडे पडत ते जागेचे. काळ मात्र पावलापावलानेंच चाले. १९६९ सालीं आर्गिरिस व शार्फ यांनीं हॅमिल्टनच्या तत्त्वाचा आधार घेऊन काळाचेही तुकडे पाडले. अशा रीतीनें, जेथें आणि ज्या क्षणीं आघात होतो तेथेंच तुकडे बारीक करतां येतात. एक अडचण मात्र होती. हॅमिल्टन यांस चेंडू कोठें झेलला जाणार हें आधींच ठाऊक असावें लागे, आणि इंजिनिअरास तर नेमकें तेंच शोधावयाचें असतें! म्हणून त्या तत्त्वास पुढें बरीच मुरड घालावी लागली.